उष्टी हवा

बिश्केक, सातवा मजला, डिसेंबर.
फ्रिजवर एक पांढरी डबी, साबणाच्या वडीएवढी.
नुर्तिलेकने शाळेतून आठवड्याच्या बोलीवर आणलेली;
अजून परत गेलेली नाही.
वरचा आकडा धुळीचा,
खालचा आमच्या श्वासांचा.

खिडकी लावली की खालचा चढतो,
उघडली की वरचा.
समोर बैठ्या घरांची वस्ती. संध्याकाळी
एकेका धुराड्यातून कोळसा उठतो,
जरा वर जाऊन अडतो, डोक्याला छत लागल्यासारखा,
मग आडवा होतो
आणि सरळ आमच्या स्वयंपाकघराकडे बघतो.
आड की विहीर,
भांडी घासता घासता मी रोज ठरवते.

सासरे, सागिनबाय, एकतीस वर्षं
वीजकेंद्राच्या बॉयलरपाशी उभे होते.
म्हणाले, हवा काय दूध आहे,
पाणी घातलंय का बघायला?

त्यांच्या खोलीच्या फटी त्यांनी स्वतः बुजवल्या होत्या,
नमद्याच्या पट्ट्या, वरून पिठाची खळ.
एका रात्री मी डबी त्यांच्या उशाशी ठेवली.
सकाळी सहाला एकोणीसशे.
म्हटलं, रात्रभर तुम्ही तुमचीच उष्टी हवा खाल्लीत.
ते बूट शोधत होते.
आपलं उष्टं आपणच खाल्लं
तर विटाळ कसला, म्हणाले, आणि खोकले,
बराच वेळ.

नुर्तिलेकने जुन्या पंख्याला
चिकटपट्टीने गाळणी बांधली.
बाराव्या दिवशी पांढरा कागद
मांजराच्या पाठीसारखा करडा.
म्हाताऱ्याने त्यावर बोट फिरवलं, हुंगलं,
परत हुंगलं.
ओला कोळसा, म्हणाले. पेटवणाऱ्याला घाई होती.
घरात लहान मूल असेल.

दुपारी दोनला डोंगराकडून वारा सुटतो
आणि वरचा आकडा थोडा वेळ शहाण्यासारखा वागतो,
हे कळायला मला जानेवारी उजाडला.
तेव्हा वीस मिनिटं सगळं सताड उघडायचं.
खिडक्या, दारं, जिन्याचं दारसुद्धा,
शेजारीण रायसा कितीही ओरडू दे.
सासरे ओव्हरकोट घालून, टोपी कानापर्यंत ओढून
पलंगाच्या कडेला बसत,
बस यायची असल्यासारखे.
पहिले चार दिवस भिंतीकडे तोंड.
पाचव्या दिवशी मागून आवाज आला :
अकराशे.
नऊशे साठ.
आठशे, उतरतोय, उतरतोय, राहू दे अजून.
हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.
असाच ते काट्याकडे बघून ओरडत असतील,
खाली फावडेवाल्यांना.

मग कॅलेंडरच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने रकाने आले.
वार, वेळ, वरचा, खालचा.
शेवटच्या रकान्यावर नाव नव्हतं,
त्यात कधी फक्त एक टिंब.
मी विचारलं नाही.
पुढे लक्षात आलं, टिंब म्हणजे
त्या रात्री खोकला नाही.

एप्रिलमध्ये नणंद येऊन त्यांना आत-बाशीला घेऊन गेली.
तिथे मेंढ्या, तिथे उघडं माळरान,
तिथे हवा मोजत नाहीत.

आता त्यांच्या खोलीत पहाटे चारशे तीस.
डबीवर हिरवा दिवा.
नुर्तिलेक म्हणाला, आई, रेकॉर्ड!
मी हो म्हटलं
आणि नमद्याची एक सुटलेली पट्टी
उगाच अंगठ्याने दाबून बसवली.

रविवारी त्यांचा फोन.
तब्येत नाही, पाऊसपाणी नाही,
पहिला प्रश्न : किती?
चारशे तीस, म्हटलं.
पलीकडे मेंढ्या, कुणीतरी बादली आपटली,
मग बराच वेळ काही नाही.

एवढा कमी?
तिथे कुणी श्वास घेत नाही का?

घेतो ना, म्हटलं.
खिडकी उघडी आहे.